मोकळं होण्याची मुदत

प्रल्हाद वैरागडेला दोन वयं होती. पासपोर्टवर एकोणतीस आणि पत्रिकेत तेहेतीस. पैकी पासपोर्टवरचं वय साऱ्या दुबईला ठाऊक होतं आणि पत्रिकेतलं फक्त त्याच्या बायकोला, स्मिताला. नागपूरला अठरा वर्षांखालच्या स्पर्धेत खेळवायचं म्हणून त्याच्या कोचने एका ग्रामसेवकाला गाठून जन्माचा नवा दाखला करून आणला होता. एका सहीत चार वर्षं उडाली. तेव्हा सगळेच तसं करत आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. सहा फूट चार इंचांचा, दाट मिशीचा बाप्या शाळकरी पोरांच्या डोक्यावरून बास्केट टाकतोय, म्हणून प्रेक्षक हसायचे आणि टाळ्याही वाजवायचे. पुढे पासपोर्ट त्याच दाखल्यावर निघाला आणि ते वय कायमचं मानगुटीवर बसलं.

स्मिताला हे लग्न ठरतानाच कळलं होतं. तिच्या वडिलांनी पेपरातलं कात्रण आणि पत्रिका शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा प्रल्हादच्या आईने जराही न चाचरता सांगून टाकलं, "ते खेळातलं वय आहे." रेल्वेत नोकरीला असलेला जावई चालून आलेला, वडिलांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि विषय संपवला.

पंच्याण्णव साली फ्रीज आणि एसी विकणाऱ्या एका कंपनीने प्रल्हादला दुबईला आणलं. कंपन्या-कंपन्यांची बास्केटबॉलची लीग होती आणि मालकाला आपला संघ जिंकलेला बघायचा होता. व्हिसावर हुद्दा सेल्समन. प्रत्यक्षात सकाळी अल कूझच्या गोडाऊनमध्ये खोकी लावून घ्यायची आणि संध्याकाळी मागच्या सिमेंटच्या कोर्टावर सराव करायचा. अल मनखूलमधला एका बेडरूमचा फ्लॅट कंपनीचाच. तिथेच त्यांची ईरा चालायला लागली, शाळेत गेली आणि सातव्या वर्षी आईबापांना इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. रेल्वेची नोकरी सोडल्याबद्दल नागपूरकर अजून हळहळत होते, पण स्मिताला इथलं घर आवडत होतं. तिच्या मालकीचं त्यात काही नव्हतं, एवढंच.

सहा वर्षं बरी गेली. मग दोन हजार एकच्या फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. तीस एप्रिलला करार संपतोय. पुढे राहायचं नसेल तर एकतीस मार्चपर्यंत लेखी कळवावं. कळवलं नाही तर करार आहे त्याच पगारावर आणखी तीन वर्षं चालू राहील. आणि खाली एक नवीन ओळ होती, ती स्मिताने दोनदा वाचली: कंपनी सांगेल ते काम, कंपनी सांगेल तिथे करावं लागेल.

"म्हणजे खेळातून काढून कुठेही टाकतील," प्रल्हाद म्हणाला. "सोनापूरच्या कॅम्पवर बसवतील, कामगारांच्या बसेस मोजायला."

त्याच आठवड्यात कुरियनचा फोन आला. हा कुरियन शंभर किलोमीटरवरच्या रास अल खैमातल्या एका पाइप फॅक्टरीचा स्पोर्ट्स मॅनेजर. त्यांना लीगमध्ये नाव काढायचं होतं आणि बास्केटखाली उभा राहणारा, प्रल्हादसारखा उंच सेंटर हवा होता. त्याने चाचणीला बोलावलं. एका गुरुवारी प्रल्हाद गेला, तिथल्या बाविशी-तेविशीच्या पोरांबरोबर दोन तास खेळला आणि रात्रीच्या जेवणाला घरी आला. तीन वर्षांचा करार, राहायला घर, ईरासाठी शाळेची बस, पगार साडेसहा हजार दिरहॅम. "म्हणजे जवळजवळ ब्याऐंशी-त्र्याऐंशी हजार रुपये," तो मोठ्याने म्हणाला. कुरियनने फक्त एक अट सांगितली होती: तीन वर्षांचा करार तिशीच्या आतल्यांनाच. त्याने पासपोर्टची कॉपी बघितली होती आणि "ट्वेंटी-नाइन, परफेक्ट" म्हणून पाठीवर थाप मारली होती.

"कसं झालं खेळून?" स्मिताने विचारलं.

"मस्त," तो म्हणाला आणि जेवल्यावर बराच वेळ बाल्कनीत मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसला.

तिकडे अमेरिकेत म्हणे याला फ्री एजंट म्हणतात. करार संपला की खेळाडू मोकळा. वाटेल त्या संघाशी बोलावं, जास्त देईल त्याच्याकडे जावं. प्रल्हादने ते टीव्हीवर पाहिलं होतं आणि फार कौतुकाने सांगत असे. पण दुबईत मोकळं व्हायचं म्हणजे व्हिसा रद्द करायचा. लीगचा नियमच होता की खेळाडू ज्या कंपनीच्या व्हिसावर, त्याच कंपनीच्या संघात. जुन्या कंपनीने हरकत नसल्याचं पत्र, म्हणजे एनओसी दिली, तर इथल्या इथे नवीन व्हिसा मिळायचा. नाही दिली तर सहा महिन्यांची बंदी. मग गाशा गुंडाळून नागपूर. आणि कुरियन काही सहा महिने कुणासाठी थांबणार नव्हता.

त्यातही एक गोष्ट स्मिताच्या घशाखाली उतरत नव्हती. तिचा आणि ईराचा व्हिसा प्रल्हादच्या व्हिसावर होता. त्यामुळे त्याचा रद्द व्हायच्या आधी या दोघींचा रद्द करावा लागे, आणि त्या कागदावर सही करायची ती नवऱ्याने. मोकळा होणार तो, आणि सगळ्यात आधी निराधार होणार या दोघी.

वासुदेवचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. वासुदेव हा त्यांच्याच संघातला, केरळचा, हसरा पोरगा. गेल्या वर्षी दुसऱ्या संघाशी बोलणी करून त्याने परस्पर तिकडची कागदपत्रं भरली. कंपनीला कळलं. दुसऱ्याच दिवशी सराव चालू असताना कंपनीचा माणूस त्याचा पासपोर्ट आणि तिकीट घेऊन कोर्टावर आला. वासुदेव खेळायच्या चड्डीतच एअरपोर्टला गेला. त्याच्या खोलीतलं सामान दोन दिवसांनी प्रल्हादने बांधून पाठवलं. त्यात लग्नासाठी घेतलेला नवाकोरा सूट होता, त्याची घडी स्मिताने घातली होती.

एनओसी द्यायची की नाही, हे ठरायचं सदानंद प्रभूंच्या टेबलावर. प्रभू कारवारचे, कंपनीत पर्सोनेल मॅनेजर. आवाज कधी चढायचा नाही, शर्टाला कधी सुरकुती दिसायची नाही. सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या पाठीमागच्या तिजोरीत. वासुदेवच्या कागदावर सही त्यांचीच होती आणि त्या दिवशीही ते हसूनच बोलले होते, असं प्रल्हाद सांगायचा. स्मिताला या माणसाची जबरदस्त धास्ती होती. ओरडणाऱ्याचा अंदाज येतो, हसणाऱ्याचा कसा येणार?

मार्च उजाडला तरी प्रल्हादचं काही ठरेना. सकाळी म्हणायचा, "जाऊ, यल्ला, एकदाच काय ते होऊन जाऊ दे." संध्याकाळी म्हणायचा, "एनओसी नाही दिली तर?" मग तिच्याकडे बघून, "तू सांग ना. तू म्हणशील तसं करू." आता हे नवरे लोकांचं नेहमीचं आहे. निर्णय अवघड असला की तो बायकोचा. स्मिता काय सांगणार? राहा म्हणावं तर हा माणूस सोनापूरला बसेस मोजत म्हातारा होईल; जा म्हणावं आणि एनओसी मिळाली नाही तर तिघं नागपूरला दिराच्या घरी. तिला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. भाजीत मीठ दोनदा पडू लागलं.

ज्या गोष्टी माणसांना विचारायची सोय नसते, त्या आपली माणसं ग्रहांना विचारतात. दोन गल्ल्या सोडून साधनाताई राहायच्या, पुण्याच्या. मुलाने त्यांना पत्रिकेचं सॉफ्टवेअर आणून दिलं होतं. जन्मतारीख, वेळ, गाव घातलं की कॉम्प्युटर कुंडली मांडायचा आणि साधनाताई ती वाचायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत, नारळ घ्यायच्या. अल मनखूलमधली निम्मी मराठी बायकामंडळी त्यांच्याकडे जाऊन आलेली. एका मंगळवारी दुपारी ईरा शाळेतून यायच्या आत स्मिता नारळ घेऊन तिथे गेली. प्रल्हादला न सांगता.

"बोल, तारीख बोल," साधनाताई म्हणाल्या. बोटं कीबोर्डवर तयार.

स्मिता क्षणभर अडखळली. पासपोर्टवरची तारीख सांगावी तर ग्रह भलत्याच माणसाचे लागणार, आणि मग भविष्य घेऊन करायचं काय? ग्रहांशी खोटं बोलणं तिच्या मनाला पटेना. तिने खरी तारीख सांगितली. बारा जानेवारी अडुसष्ट, पहाटे चार पन्नास, नागपूर.

प्रिंटर करकर करत चालू झाला. साधनाताईंनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "जूनमध्ये गुरू बदलतोय. तोवर नवीन काही अंगावर घेऊ नये असं मला वाटतं. पण संधी आली तर सोडूही नये." एवढं सांगून त्यांनी चहा टाकला. म्हणजे स्मिता घरून जे घेऊन आली होती तेच घेऊन परत निघाली. "फाइल सेव्ह करून ठेवते हं," साधनाताई दारापर्यंत येत म्हणाल्या, "परत लागली तर."

खाली येऊन ती रस्त्यावर पाय टाकते तोच एक पांढरी गाडी समोर थांबली. जेवणाच्या सुट्टीची वेळ. मागच्या दारातून साधनाताईंचे यजमान गुणवंतराव बॅग घेऊन उतरले. गुणवंतराव दुसऱ्या कंपनीत अकाउंटंट होते. जाता-येता कुणाच्या तरी गाडीत महिन्याच्या भाड्याने जागा घेतात हे तिला माहीत होतं. इथे अशी कारलिफ्ट सगळेच घेतात. ती कुणाच्या गाडीत, हे मात्र कधी विचारलं नव्हतं. स्टिअरिंगवर सदानंद प्रभू होते.

"काय वहिनी, इकडे कुठे?" प्रभूंनी काच खाली करून विचारलं. हसूनच.

तिच्या हातात चार घड्या घातलेला कागद होता. वरच्या घडीवर ठळक अक्षरांत चिरंजीव प्रल्हाद आणि खाली जन्मतारीख, सगळं बाहेरच्या बाजूला. तिने हात ओढणीआड नेला. "नारळ द्यायला आले होते," असं काहीतरी ती बोलली. गाडी निघून गेली आणि स्मिता तिथेच उन्हात उभी राहिली.

घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात सगळं जुळत गेलं होतं. साधनाताई जेवताना नवऱ्याशी बोलणार. कोणती बायको बोलत नाही? "अगं बाई, तो बास्केटबॉलवाला तेहेतीस वर्षांचा आहे, वाटत नाही ना?" गुणवंतराव उद्या सकाळी गाडीत सहज बोलणार. गाडीत पंचवीस मिनिटं माणसं दुसरं काय करतात? आणि प्रभू काहीच बोलणार नाहीत. ते परत जातील, तिजोरी उघडतील, पासपोर्ट काढून जन्मतारीख बघतील आणि तो पुन्हा आत ठेवतील. मग प्रल्हाद ज्या दिवशी एनओसी मागायला जाईल त्या दिवशी ते हसून सांगतील. पासपोर्टवर खोटी तारीख! नोकरी राहिली बाजूला, नवरा तुरुंगात जाईल! तिने कागदाचे बारीक तुकडे करून संडासात टाकले आणि दोनदा पाणी सोडलं. पण साधनाताईंच्या कॉम्प्युटरमधली फाइल कशी फाडणार?

तिने प्रल्हादला सांगितलं नाही. सांगायचं म्हणून तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा दुसरंच काहीतरी बोलली.

आणि नेमका त्याच आठवड्यात प्रल्हादला धीर आला. एक सामना त्याने शेवटच्या मिनिटात फ्री थ्रोवर जिंकून दिला. कुरियन बघायला आला होता. त्याने तिथेच हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी प्रल्हादने टायपिंग सेंटरमधून पत्र टाइप करून आणलं. करार पुढे चालू ठेवायचा नाही, कृपया एनओसी मिळावी. ते त्याने टीव्हीवर ठेवलं. "एकतीसला, शनिवारी, देणार," तो म्हणाला. "आता घाबरून राहू नको तू. जे व्हायचं ते होईल."

येता-जाता ते पत्र स्मिताला दिसे आणि ती तोंड फिरवी.

मुदतीच्या आठ दिवस आधी, तेवीस तारखेच्या शुक्रवारी, संध्याकाळी बेल वाजली. दारात सदानंद प्रभू, हातात मिठाईचा डबा. "इथूनच चाललो होतो," ते म्हणाले. सहा वर्षांत इथून जाताना हा माणूस कधी वर आला नव्हता. प्रल्हादने गडबडीने टीव्हीवरचं पत्र उशीखाली सरकवलं. स्मिताने चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत राहिली.

प्रभू हवेबद्दल बोलले, लीगबद्दल बोलले. मग त्यांनी ईराला जवळ बोलावलं. "काय गं, तुझे पप्पा किती वर्षांचे?"

"Twenty-nine!" ईरा म्हणाली. "You don't know, uncle? It's in your office."

प्रभू खो खो हसले. स्मिता ट्रे घेऊन बाहेर आली. ती चहा ठेवून तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

"एकोणतीस," प्रभू कपाकडे बघत म्हणाले. "बरं वय आहे." मग, "वैरागडे, ती एकतीस तारीख तेवढी लक्षात ठेवा. कागद त्याच्या आत माझ्या टेबलावर आला तर सगळं सरळ होतं. नंतर माझ्याही हातात फारसं राहत नाही. काय असेल ते मला येऊन सांगा. त्या वासुदेवसारखं परस्पर काही करू नका. फार वाईट झालं त्याचं."

"नाही नाही, साहेब," प्रल्हाद म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण सोफ्याच्या कडेवर बसला होता.

जाताना प्रभूंनी स्मिताकडे बघून हात जोडले. "वहिनी, तुम्हीही जरा समजवा यांना. तुमचं ऐकतील." दार लागलं. स्मिताला आता तिळमात्र शंका उरली नाही. त्याला सगळं कळलंय, तो घरी येऊन, चहा पिऊन, पोरीच्या तोंडून खोटं वय वदवून धमकी देऊन गेलाय.

पुढचे सात दिवस तिने कसे काढले ते तिलाच माहीत. लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली की ती दाराच्या भोकाला डोळा लावायची. ईराला बसमधून उतरवायला गेली तर पांढऱ्या गाड्या मोजत उभी राहायची, आणि दुबईत काय पांढऱ्या गाड्यांना तोटा आहे! तीस तारखेच्या शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, प्रल्हाद उद्यासाठी शर्टाला इस्त्री करायला बसला. ईरा शेजारी खेळायला गेली होती. तो स्वतः इस्त्री करतोय, शीळ घालतोय, हे बघून स्मिताला राहवलं नाही.

"अहो, ते पत्र देऊ नका," ती म्हणाली आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. साधनाताई, खरी तारीख, प्रिंटर, पांढरी गाडी, गुणवंतराव. "माझ्यामुळे झालं. मी मूर्ख आहे. पण आता तुम्ही एनओसी मागितलीत की तो तिजोरी उघडेल."

प्रल्हादने इस्त्री उभी ठेवली. तो ओरडेल, निदान कपाळावर हात मारेल, अशी तिची अपेक्षा होती. शर्टाची एक बाही इस्त्रीची आणि एक चुरगळलेली, तसाच त्याने तो हँगरला लावला. मग उशीखालचं पत्र काढून दोन तुकडे केले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "खलास," तो म्हणाला. "रडू नको. कुठेही जायचं नाही. इथेच राहायचं." त्याचा आवाज इतका शांत होता की तिला आणखीच रडू आलं. त्या संध्याकाळी तो पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला. हा माणूस आपल्यासाठी किती पचवतोय, असं तिला वाटलं.

एकतीस तारीख आली आणि गेली. स्मिताने देवाला साखर ठेवली.

सोमवारी प्रल्हाद दुपारीच घरी आला. बूट न काढता सोफ्यावर बसला. ती पाणी घेऊन आली, पण त्याने हात पुढे केला नाही.

"प्रभूंनी बोलावलं होतं," तो म्हणाला.

ती पेला हातात घेऊनच त्याच्यासमोर बसली.

"ऐक तर. ते वैतागले होते. म्हणाले, वैरागडे, मी तुमच्या घरी येऊन सांगितलं, आणखी काय करायला हवं होतं? मालकाने म्हणे लेबनॉनची दोन पोरं घेतली आहेत. पुढच्या सीझनला मी संघात नाही. कंपनीने मला जा म्हटलं तर कंपनीला वर पैसे द्यावे लागतात, मी जातो म्हटलं तर नाही. म्हणून त्यांना तोंडाने सांगता येत नव्हतं. माझी एनओसी त्यांनी दहा दिवसांपासून टाइप करून ठेवली आहे. फक्त मी मागायची वाट बघत होते."

"आणि... आणि वयाचं?"

"वयाचं काय? म्हणाले, तुम्ही एकोणतीस वर्षांचे आहात, अजून पाच-सहा वर्षं खेळाल, इथे कशाला सडता? त्यांना काही माहीत नाही, स्मिता. कुणी काही बोललेलं नाही."

म्हणजे साधनाताई बोलल्याच नव्हत्या. गाडीत पंचवीस मिनिटं गुणवंतराव कदाचित झोपा काढत असतील. आणि आपण इतके दिवस... स्मिताला आधी हसू आलं, मग स्वतःचा असा राग आला की तिने पाण्याचा पेला आदळला. "म्हणजे मीच घालवलं सगळं!"

"गेलं नाही," प्रल्हाद म्हणाला. "मालक बाहेरगावी आहे, बुधवारी येतो. तोवर आणून द्या, मागच्या तारखेने घेतो, असं म्हणाले."

"मग बसलात काय? उठा! टायपिंग सेंटर चारला उघडतं. कुरियनना फोन लावा आधी." ती उठून उभीसुद्धा राहिली. महिन्याभराची भीती अंगावरून एकदम उतरली होती. रास अल खैमा, शाळेची बस, घर, सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आलं. ती फोनकडे गेली आणि मागे वळून बघते तो प्रल्हाद जागचा हललेला नव्हता.

"अहो?"

"मी तिथे दोन तास खेळलो ना," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पहिला अर्धा तास ठीक होता. मग ती पोरं पळत होती आणि मी नुसता उभ्याने पास देत होतो. कुरियनला वाटलं मी हुशारीने खेळतोय. परत येताना हायवेवर दोनदा गाडी थांबवून पायांत आलेले गोळे चोळून काढले. तुला मस्त म्हणून सांगितलं. तीन वर्षं, स्मिता. तिथे गेलो तर एका महिन्यात त्यांना कळेल. पासपोर्ट कुणी बघायचीही गरज नाही. मग तिथून कुठे जायचं? तू शुक्रवारी पत्रिकेचं बोललीस ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. सबब मिळाली. तू बोलली नसतीस तर शनिवारी मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. ताप आला म्हणालो असतो."

इतके दिवस स्मिता एकटीच घाबरली होती आणि तो धीराचा, असं तिने धरून ठेवलं होतं. तिची भीती निदान चुकीची तरी निघाली. याची खरी होती, आणि ती घेऊन तो शीळ घालत इस्त्री करत बसला होता.

फोन वाजला. दोघंही दचकले.

"कुरियन असेल," प्रल्हाद म्हणाला. "दोनला करतो म्हणाला होता. उचल तू. सांग, मी घरी नाही."

"मी? मी काय सांगू?"

"सांग ना काहीतरी!"

तिने रिसिव्हर उचलला. कुरियनच होता. "भाभीजी, प्रल्हाद किधर है? देखो, आज मेरे को हाँ या ना चाहिए. सीझन का लिस्ट देना है. वो फ्री हुआ कि नहीं?"

नाही म्हटलं तर तीन वर्षं सोनापूर; तिला हो म्हणता आलं असतं. सोपं होतं, एक शब्द बोलला की झालं. मग त्याला जावंच लागलं असतं, आणि कुणी सांगावं, कदाचित एक वर्ष निघालंही असतं. तिने प्रल्हादकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, ईरा डॉक्टरांच्या सुईकडे बघते तसा. आठ वर्षांच्या संसारात तिने त्याचं हे तोंड कधी पाहिलं नव्हतं.

"वो घर पे नहीं हैं, कुरियनसाब," ती म्हणाली. "और वो नहीं आ पाएँगे. आप दूसरा लड़का ले लीजिए."

तिकडून काहीतरी बोलणं झालं, थोडं रागाचं, थोडं नवलाचं. मग फोन बंद झाला. स्मिताने रिसिव्हर जागेवर ठेवला. सहा फूट चार इंचांचा तो माणूस सोफ्यावर दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता, आणि आपण त्याला वाचवलं की संपवलं, हे स्मिताला त्याच्या रडण्यावरूनही कळेना.